मारत तर नाही ना, मग छळ कसला?

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नवीन वाचणाऱ्याला कळेल. विचारणारे दादा डोंबिवलीला असतात, धाकटी बहीण गुहागर तालुक्यात दिलीय, लग्नाला ६ वर्षं झाली, ४ वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याची हापूसची कलमं, स्वतःचा टेम्पो, घर खाऊनपिऊन बरं. तो मारत नाही. पण रोज रात्री तिचा फोन तपासतो, अंगणवाडीतलं मदतनीसाचं काम सोडायला लावलं, लाडकी बहीणचे १५०० ज्या खात्यात येतात त्याचं एटीएम त्याच्या पाकिटात, दोन वर्षं गौरी-गणपतीला माहेरी पाठवली नाही, आणि "एकदाच रागाच्या भरात गळा धरला होता पण लगेच सोडला". आई म्हणते मारत तर नाही ना, मग संसार आहे चालायचंच. दादा विचारतायत की याला छळ म्हणायचा का, आणि चार माणसं घेऊन जाऊन दम देऊ की गावकीत विषय ठेवू?

दादा, तुम्ही सगळं नीट लिहिलंत, पण सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटी जाता जाता टाकलंत. गळ्याचं. मी चिपळूण, गुहागर, दापोली या पट्ट्यात २२ वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि माझ्यासमोर हे वाक्य नेहमी असंच येतं, "एकदाच", "लगेच सोडला", "दाबला नाय हो, नुसता धरला". म्हणून आधी तेच बोलते, बाकीचं नंतर.

गळा धरणं आणि थोबाडीत मारणं एका रांगेत बसवू नका. गळ्यावर नीट दाब पडला तर दहाएक सेकंदात माणूस बेशुद्ध होऊ शकतो, आणि बाहेरून वळ उठतोच असं अजिबात नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं काही झालंच नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, त्या वेळी कपड्यातच लघवी होणं, मध्येच काही आठवत नसणं, यातलं काही झालं असेल तर डॉक्टरला दाखवायचं, दुसऱ्या दिवशी असलं तरी दाखवायचं, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पक्षाघात काही दिवसांनीसुद्धा येऊ शकतो. अमेरिकेत २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं आढळलं की जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता ७ पटींहून जास्त असते. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. पण "मारत नाही" या खात्यात तुमची बहीण बसत नाही एवढं आधी पक्कं करा. आणि "लगेच सोडला" याचा अर्थ तो भानावर होता असाही होतो.

आता छळ म्हणजे काय. आपल्याकडच्या बायका हा शब्द वापरतच नाहीत. हिंसा तर लांबच राहिली, तो पेपरातला शब्द. माझ्याकडे येणारी बाई म्हणते "तरास आहे", किंवा "स्वभाव तापट आहे", जरा वयाची असेल तर "सासुरवास कुणाला चुकलाय". मग मी पूर्वी विचारायचे, "मारतो का?" आणि ती म्हणायची "नाय". आणि मी वहीत लिहायचे, मारहाण नाही. किती वर्षं मी हे केलं त्याची मला आता लाज वाटते. तो प्रश्नच चुकीचा होता.

तो प्रश्न विचारणं माझं सुटलं एका बाईमुळे. तपशील बदलून सांगते. समुद्राकडच्या गावातली, मासळी विकणारी नाही, घरातलीच, बत्तीस-तेहेतीसची. बाजाराच्या दिवशी आली, खुर्चीच्या टोकावर बसली, फोन टेबलावर उलटा ठेवला. चाळीस मिनिटांत तो फोन अकरा वेळा थरथरला, मी मोजले. प्रत्येक वेळी ती बोलायची थांबायची. आठव्या-नवव्या वेळी तिने उचलला आणि एकदम वेगळ्या, अगदी हसऱ्या आवाजात म्हणाली, "हां, बाजारातच हाय, कांदे घेतेय." फोन ठेवला आणि उठली. मी म्हटलं अगं बस की, अजून वेळ आहे गाडीला. तर म्हणाली, "नाय ताई, आता कांदे घेतलेच पायजेत. घरी गेल्यावर पिशवी बघतात." तिला मारहाण नव्हती. सात वर्षांत एकदाही नाही. घरात कांदे होते, तरी ती अर्धा किलो कांदे घेऊन साडेचारच्या गाडीला गेली.

तेव्हापासून मी "मारतो का" हे पहिलं विचारतच नाही. मी विचारते, तू नाही म्हटलंस तर काय होतं? आणि दुसरं, त्याच्या भीतीने तू काय काय करायचं बंद केलंस? भांडण प्रत्येक घरात होतं, आवाज चढतो, दोन दिवस अबोला होतो, माझ्याही घरी होतो, त्याला छळ नाही म्हणत. भांडणात दोघंही बोलतात आणि दोघांनाही माहीत असतं की संध्याकाळी आमटीला फोडणी पडणारच आहे. छळात एकच माणूस बोलतो आणि दुसरं त्याच्या गाडीचा आवाज ऐकून टीव्हीचा आवाज कमी करतं. त्या बंद केलेल्या गोष्टींची यादी लांबत जाते, आधी मैत्रिणीशी फोनवर बोलणं, मग हळदीकुंकू, मग बचत गटाची मीटिंग, मग नोकरी, मग माहेर, आणि प्रत्येक वेळी कारण बरोब्बर पटेल असंच असतं, मुलगी लहान आहे, रात्रीचं कशाला जायचं, तुझी आई कान भरते. एकेक सुटं बघितलं तर कुठलंच मोठं नाही. म्हणून तर आईला दिसत नाही. तुमच्या बहिणीची यादी तुम्हीच लिहून दिलीय मला, परत एकदा वाचून बघा.

आपला कायदा या बाबतीत आपल्या आयांपेक्षा पुढे आहे हे कुणाला खरं वाटत नाही, पण आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात छळाचे चार प्रकार सरळ लिहिलेत, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. आर्थिक म्हणजे खर्चाला पैसे न देणं तर आहेच, पण तिचे पैसे, तिचं स्त्रीधन तिला वापरू न देणं हेपण. एटीएम त्याच्या खिशात हे त्यात येतं. तिच्या मनाविरुद्ध मंगळसूत्र पतसंस्थेत गहाण टाकून टेम्पोचा हप्ता भरला तर तेही येतं. नवऱ्याने जबरदस्ती केली तर फौजदारी कायद्यात आजही तिला बलात्कार म्हणत नाहीत, बायको सज्ञान असेल तर, पण या कायद्यात तो लैंगिक छळ आहे आणि त्यावर दाद मागता येते. हे बायकांना कुणी सांगत नाही, त्या स्वतःहून विचारत नाहीत, मी मात्र विचारते, दार लावून आणि अगदी शेवटी.

दारूचं कारण प्रत्येक दुसऱ्या केसमध्ये येतं (तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तरी असेल). पिऊन शुद्धीवर नसतो म्हणतात. अहो, भर पावसात, काळोखात, वाडीतला साकव ओलांडून घरी येतो तेव्हा पाय बरा घसरत नाही! तांडेलाशी वाद झाला तर होडीवर हात बरा आवरतो. दारू सुटायलाच हवी, तिने सगळंच वाढतं, पण दारू सुटली म्हणून छळ सुटतो असं समजू नका, मी दारू सोडलेले आणि फोन तपासत बसणारे पुष्कळ पाहिलेत.

आणि ती राहते कशाला मग, हा प्रश्न तुमच्या मनात असणार, भाऊ विचारतातच. राहते कारण तो रोज वाईट नसतो. गळा धरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं विचारा तिला, बहुतेक रडला असेल, चिपळूणला नेऊन साडी घेतली असेल, मुलीला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं असेल. मग काही आठवडे बरे जातात, मग घरातली हवा परत जड व्हायला लागते. ती त्या बऱ्या माणसाची वाट बघत राहते, आणि तो अधूनमधून येतोही. त्यात कलमांचा सीझन, मुलीची शाळा, परत गेलो तर भावाच्या वन रूम किचनमध्ये कुठे झोपणार, लोक काय म्हणतील, हे सगळं. सर्वेक्षणात हेच दिसतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं त्यातल्या फक्त १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. बाकीच्यांनी नाही. त्यामुळे तुमची बहीण तुमच्याशी एवढं तरी बोलली हे खूप मोठं आहे, ते जपा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, दम देऊ का. नको. तुमचा राग मला समजतो पण नको. चार माणसं गाडी करून येतील, पडवीत बसतील, चहा होईल, आवाज चढतील, तो मान खाली घालून हो हो म्हणेल आणि तुमची गाडी घाटावर चढायच्या आत त्याला कळलेलं असेल की हिने बाहेर सांगितलं. त्या रात्री तिथे तुम्ही नसाल. बाई घर सोडायचं ठरवते तेव्हा किंवा बाहेर मदत मागतेय हे त्याला कळतं तेव्हा धोका सगळ्यात जास्त असतो, ताबा हातातून सुटतोय असं त्याला वाटतं म्हणून. आणि गळ्याची गोष्ट झालेली असताना तर मुळीच नको.

गावकीचं मी स्वतःच्या पापातून सांगते. कामाला लागून तीनच वर्षं झाली होती, वाटायचं समेट झाला की आपलं काम झालं. एका वाडीत गावकी बसली, मानकरी होते, मी होते, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की यापुढे त्रास देणार नाही, त्याने सही केली, तिने अंगठा दिला, नारळ ठेवून देवीला गाऱ्हाणं घातलं, मीसुद्धा हात जोडले आणि फार भारी वाटलं मला. पाच आठवड्यांनी ती आली ती मनगट प्लॅस्टरमध्ये घालून. मी विचारलं अगं फोन का नाही केलास, तर म्हणाली, "तुमीच तर लिवून घेतलंत, आता कुणाला सांगू?" म्हणजे त्या कागदाने तो बांधला गेला नव्हता, ती बांधली गेली होती. कोर्टाचा आदेश मोडला तर शिक्षा आहे, गावकीचा कागद मोडला तर परत गावकी. त्यात गावकीत सगळे त्याचे चुलते-पुतणे, ती एकटी बाहेरून आलेली. देवाला कौल लावायचा तर जरूर लावा, मला श्रद्धेवर बोलायचं नाहीये, पण तिची सुरक्षितता त्या कौलावर सोडू नका.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे तिच्याशी बोलायचं, आणि बोलणं तिच्या वेळेने. मेसेज पाठवू नका, तो वाचतो. तिच्या फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये दुसरा कुठला फोन किंवा कॉम्प्युटर जोडलेला दिसतोय का, गूगल मॅपवर लोकेशन शेअरिंग चालू आहे का, कॉल रेकॉर्डिंग आहे का हे तिला कधीतरी बघायला सांगा, पण एकदम बंद करायला सांगू नका, बंद केलं की त्याला लगेच कळतं. तो टेम्पो घेऊन बाहेर असतो तेव्हा फोन करा, आंब्याच्या दिवसात पेट्या घेऊन वाशीला येतो तेव्हा तर पूर्ण रात्र मिळते. सुरुवातीला विचारा, आत्ता बोलता येतंय का, आणि नसेल तर तिने काय म्हणायचं ते ठरवून ठेवा, "दादा, काजूगराचा भाव काय चाललाय तिकडे" असं काहीतरी, जे त्याच्यासमोर सहज बोलता येईल.

बोलताना "सोडून ये त्याला" हे म्हणू नका. नवरा सांगतो इथेच राहा, भाऊ सांगतो निघून ये, तिला काय पाहिजे ते कुणी विचारतच नाही, हुकूमच दोन्हीकडून. त्यापेक्षा म्हणा, तू सांगितलंस ते मला खरं वाटतं. यात तुझी चूक नाही. तू राहिलीस तरी मी आहे, आलीस तरी मी आहे. एवढंच. आणि मग गप्प बसा, हे भावांना सगळ्यात कठीण जातं. ती उद्या म्हणेल आता सगळं ठीक आहे, मी उगाच बोलले, तेव्हा चिडू नका. बायका कायमचं बाहेर पडण्याआधी अनेकदा परत जातात, तिसऱ्यांदा परत गेली की माहेरचे कंटाळतात आणि म्हणतात आता परत आमच्याकडे येऊ नकोस, नेमकं तेच वाक्य त्याला हवं असतं.

दुसरं, धोका किती आहे ते पडताळा. गळा झालाच. त्याशिवाय, मारून टाकीन किंवा स्वतःचं काही करून घेईन अशा धमक्या, घरात ठासणीची बंदूक आहे का (आपल्याकडे शिकारीच्या नावाखाली असतात, लायसनची असो नसो), कोयता कधी उगारलाय का, विहिरीचं नाव काढलंय का, संशय, मनाविरुद्ध शरीरसंबंध, गरोदर असताना त्रास, आणि गेल्या काही महिन्यांत हे वाढत चाललंय का. यातल्या दोन-तीनला जरी हो आलं तर थांबून बघू म्हणायची वेळ नाही.

तिसरं, निघायची वेळ आलीच तर काय, याची तयारी. कोकणात ही जरा वेगळी करावी लागते, शहरातल्या सूचना इथे चालत नाहीत. घरं लांब लांब, मध्ये कलमं, हाक शेजारी ऐकू जाते का हे खरंच तपासायला सांगा. पावसात लाईट जाते, रेंज जाते, वस्तीची गाडी येत नाही, मग ११२ लागणार कुठून? म्हणून वाडीतलं एक विश्वासाचं घर ठरवायचं, आणि एक खूण, मागच्या पडवीत लाल टॉवेल दिसला की माणूस पाठवा, असलं साधं. भांडण चढतंय वाटलं की स्वयंपाकघरात नाही जायचं, तिथे विळी-कोयता असतो, मागच्या दाराजवळ थांबायचं आणि त्या दाराची कडी गंजलेली नाही ना बघून ठेवायचं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलीचा जन्मदाखला, लग्नाची नोंद किंवा पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या, यांच्या झेरॉक्स त्या विश्वासाच्या घरी किंवा तुमच्याकडे. सगळ्या ओरिजनल एकदम हलवू नका, कपाट रिकामं दिसतं. थोडे पैसे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे २०२३ पासून, हसाल, पण अर्ध्या तिकिटाने डोंबिवलीपर्यंत पोचता येतं हा हिशोब एका बाईने माझ्यासमोर बोटांवर केलाय.

नोंद ठेवायची. वही घरात ठेवली तर सापडते, त्यापेक्षा तिने फोनवर सांगितलं की तुम्ही तुमच्याकडे तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा, काय झालं, कोण होतं, तिचे शब्द जसेच्या तसे. दवाखान्यात गेली तर "पडले" म्हणू नये. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर "नवऱ्याने गळा धरला" एवढं एक वाक्य लिहिलं गेलं तर पुढे त्याचं वजन फार असतं. घोगरा आवाज असेल तेव्हाचा तुमच्या दोघांचा फोनकॉलसुद्धा जपून ठेवा.

कायद्याची वाट. घटस्फोट घ्यावा लागतो असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथेच बायका मागे फिरतात. २००५ च्या कायद्याला घटस्फोट लागत नाही, घर मोडावंच लागत नाही. उलट त्यात तिला त्याच घरात राहायचा हक्क आहे, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास खात्याचे, ते फुकटात घटनेचा अहवाल तयार करतात, सगळे त्याला डीआयआर म्हणतात, तो मॅजिस्ट्रेटकडे अर्जासोबत जातो. मग कोर्ट त्याला त्रास द्यायला मनाई करू शकतं, तिचं एटीएम, दागिने परत द्यायला सांगू शकतं, खर्चाचे पैसे, मुलीचा तात्पुरता ताबा, भरपाई, आणि गरज पडली तर त्याला न ऐकताच तात्पुरता आदेश. आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, प्रत्यक्षात असं होत नाही हे मी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मलाच शिव्या द्याल, पण तात्पुरता आदेश लवकर मागता येतो आणि वकिलाने तोच आधी मागायला हवा.

तुमच्या कामाची एक गोष्ट, अर्ज गुहागरलाच करायला हवा असं नाही. ती तात्पुरती तुमच्याकडे येऊन राहिली तर तिथल्या कोर्टात करता येतो. दुसरी गोष्ट, संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, भाऊसुद्धा, आणि चांगल्या हेतूने दिली तर तुमच्यावर काही येत नाही. पण तिला न विचारता देऊ नका, जीवावर बेतलं असेल तेव्हाचा अपवाद.

पोलिसांत जायचं तर नवरा-सासरच्यांच्या क्रूरतेचं पूर्वीचं कलम ४९८ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं वागणंही त्यात क्रूरता धरलंय. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य नंबरने (झिरो एफआयआर) नोंदवून हद्दीतल्या ठाण्याकडे पाठवायची असते. तरी बाईला परत पाठवतात. एका ठाण्यात माझ्यासमोर एका बाईला सांगितलं, "ताई, नवरा-बायकोचं आहे, संध्याकाळी एकत्र जेवाल." असं झालं तर विशेष कक्ष विचारा, महिला व मुलांसाठीचा, तिथे पोलीस नाही तर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात, १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेलं हे काम आता जिल्ह्याजिल्ह्यात पोचलंय. जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस राहायची सोय, डॉक्टर, वकील, समुपदेशन एकाच ठिकाणी. वकिलाची फी हा प्रश्नच नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न किती का असेना मोफत वकील मिळतो, तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, फोनवर १५१००. महिलांची हेल्पलाईन १८१. लगेच पोलीस हवे असतील तर ११२.

मुलीबद्दल थोडंसं. ४ वर्षांची आहे म्हणजे तिला कळत नाही असं धरू नका, अंथरूण परत ओलं करायला लागली, बाप आला की गप्प होते, खेळताना बाहुलीला दम देते, असं काही दिसलं तर ती बघतेय सगळं. आणि सासू-सासऱ्यांचा त्रास असेल तर तोही २००५ च्याच कायद्यात येतो, उलट मुलगा-सून म्हाताऱ्यांना छळत असतील, तर त्याला २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वेगळा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज होतो, हेल्पलाईन १४५६७. पुरुषांना २००५ च्या कायद्याखाली दाद मागता येत नाही पण छळ पुरुषाचाही होतो, त्यांनी लाज बाळगून घुसमटत बसू नये, धमकी-मारहाणीची कलमं त्यांनाही आहेत. तो विषय मोठा आहे, परत कधीतरी.

नवरा सुधारेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण तुमची बहीण विचारेल. सुधारतात काही, थोडे. मी एकच बघते, तो "मी केलं" म्हणून थांबतो का, की "मी केलं पण तिने" असं पुढे जातो. आणि एटीएम परत देतो का. साडी नको, एटीएम.

तर आता तुम्ही उद्या सकाळी नऊनंतर, तो टेम्पो घेऊन निघाला असेल तेव्हा फोन करा, काजूगराचा भाव ठरवून घ्या, आणि गळ्याबद्दल विचारा, कधी झालं, तेव्हा आवाज बसला होता का, त्यानंतर परत झालं का. त्याआधी आज रात्रीच आईंशी बोला. त्यांना दोष देऊ नका, त्यांच्या काळी त्यांना कुणी वेगळं विचारलंच नाही. फक्त एवढं सांगा की तिचा फोन आला तर "मारत तर नाही ना" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, त्याऐवजी "तू जेवलीस का, आणि आत्ता जवळ कोण आहे" एवढं विचारायचं.